साखळी कुणी उतरवायची

जयवंती टीचरांनी सालोमीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते गावच्या हॉलच्या दारात. एक चप्पल पायात, एक हातात, आणि समोर उभ्या असलेल्या तरुण मास्तरांशी कडाक्याचं भांडण चाललेलं. तशी सालोमी त्यांना कैक वर्षं दिसत होती. रोज सकाळी चाफ्याची टोपली डोक्यावर घेऊन वाटेनं जायची. पण टोपलीखालचा चेहरा टीचरांनी कधी पाहिला नव्हता. सगळी नोकरी मुलांचे चेहरे वाचण्यात गेली आणि रोजच्या वाटेवरच्या या बाईचा चेहरा आपण आज पाहतोय, याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

निवृत्त झाल्यावर टीचरांनी हॉलला लागून असलेल्या खोलीत गावचं वाचनालय चालवायला घेतलं होतं. वाचक कमी, वर्तमानपत्रं जास्त. हॉल आणि वाचनालय या दोघांची पडवी एकच होती आणि तिथल्या बाकावर टीचर संध्याकाळी बसत. मंगळवारी आणि शुक्रवारी हॉलमध्ये कुंग फूचा वर्ग भरायचा. शिकवणारा सुजय तुळिंजला राहायचा, दिवसा वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा आणि संध्याकाळी हातावरचं ऑइल साबणानं घासून इथं यायचा. पोरं त्याला सिफू म्हणत. सिफू म्हणजे गुरू. वर्गात बहुतेक शाळेतली मुलं आणि टिफनी धरून कॉलेजातल्या दोन-तीन मुली. केस पांढरे झालेलं माणूस त्या दारात त्या दिवशी पहिल्यांदाच उभं होतं, आणि तेही आपल्या मुलाची जुनी ट्रॅक पँट नि वर ढगळ कुर्ता घालून.

"काकी, गळ्यातलं, हातातलं सगळं काढून ठेवायचं. सगळ्यांना तोच नियम आहे," सुजय समजावत होता.

"बांगड्या काढते. साखळी नाय काढनार."

"दुसऱ्याच्या बोटात अडकली तर तुमचाच गळा कापेल."

"कापलाय आधीच. हा बघा."

तिनं कुर्त्याचा गळा बाजूला केला. मानेवर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेला वण होता, अजून लालसर. टीचरांनी हातातलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

"ही साखळी राहावी म्हनून तर मी आले," सालोमी म्हणाली. "आनि तुम्ही दारातच ती काढायला सांगताय. मग त्या मोटारसायकलवाल्यात नि तुमच्यात फरक काय?"

सुजयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो शांतपणे म्हणाला, "फरक एवढाच, की मी मागतोय. ओढत नाहीये."

"तरी मी देनार नाय."

"मग आत नाही येता येणार, काकी."

"मग भायेर उभी ऱ्हाते. भायेरची जागा काय तुमची नाय." ती टीचरांकडे वळली. "टीचर, ही पडवी कोनाची?"

"गावाची आहे," टीचर म्हणाल्या. "उभ्या राहा तुम्ही."

आणि सालोमी उभी राहिली. आत मुलं घोड्याच्या बैठकीत, म्हणजे पाय फाकून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उभी होती. बाहेर, बाकाच्या शेजारी, सालोमी तशीच उभी. थोड्याच वेळात तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. कपाळावर घाम आला. टीचर म्हणाल्या, "बसा जरा." ती दात आवळून म्हणाली, "बसलेलीच तर हाय."

मग हळूहळू टीचरांना तिची सगळी हकिकत कळली. काही तिच्याकडून, काही गावाकडून.

सालोमीचं माहेर मिठागराकडचं. बोलण्यातला 'न' तिनं तिथून आणला होता. वाडीवाल्यांच्या गावात लग्न होऊन आली, नातवंडं झाली, तरी 'पानी' काही 'पाणी' झालं नव्हतं. नवरा, पीटर, अचानक गेला तेव्हा वाडीत केळी होती आणि चाफ्याची कलमं नुकती लावलेली होती. सालोमीनं वर्षभर काळे कपडे घातले, त्याच कपड्यांत वाडी शिंपली आणि चाफा वाढवला. काळे कपडे उतरवले त्या आठवड्यात ती सोनाराकडे गेली आणि फुलांच्या पैशांतून ही साखळी करून घेतली, खाली छोटा क्रूस. गावात कुजबुज झालीच. नवरा गेल्यावर बाईचं सोनं कमी होतं, हिचं वाढलं, असं बायका बोलल्या. सालोमीनं ऐकलं आणि साखळी ब्लाउजच्या आत न घालता पदरावर घातली. ती तेव्हापासून तशीच पदरावर होती.

सोनचाफा ऊन चढायच्या आधी खुडावा लागतो. कळी उमलून पसरली की तिला बाजारात कुणी विचारत नाही. म्हणून सालोमी झुंजुमुंजू असतानाच वाडीकडे निघायची. वाट अरुंद. एका बाजूला वाड्यांची कुंपणं, दुसऱ्या बाजूला बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं. दिवाळीनंतरच्या एका पहाटे याच वाटेवर मागून मोटारसायकल आली आणि एक हात तिच्या गळ्याशी आला. सालोमीनं साखळी दोन्ही हातांनी धरली. गाडीनं तिला थोडं फरफटत नेलं आणि साखळी तुटली. चोराच्या हाती बोटभर तुकडा गेला, बाकीची साखळी क्रूसासकट सालोमीच्या मुठीत राहिली. तिचा मुलगा जेन्सन धावत आला तेव्हा ती रक्ताळलेल्या मानेनं वाटेवर बसून सांडलेली फुलं गोळा करत होती.

जेन्सन मनानं वाईट नव्हता. अंधेरीच्या ऑफिसात काम करणारा, आईवर जीव असलेला मुलगा. त्या दिवशी तो इतका घाबरला, की त्या भीतीतच त्यानं दोन गोष्टी ठरवून टाकल्या. साखळी कपाटात ठेवायची आणि आईनं सकाळचं वाडीवर जाणं बंद करायचं. दुसरं कुणी खुडणारं नव्हतं. त्याची लोकल लवकरची, त्याची बायको सँड्रा त्याच्याही आधी निघणारी. मग त्यानं तिसरी गोष्ट ठरवली. ईस्टर झाला की चाफा मक्त्यानं देऊन टाकायचा. मक्तेदार आपली माणसं आणील, खुडील, नेईल. आई घरी सुखात राहील.

सालोमीनं यावर वाद घातला नाही. तुटलेली साखळी सोनाराकडून सांधून आणली, पदरावर घातली आणि जखमेची खपली पडायच्या आत पुन्हा वाडीवर जायला लागली. वर कुंग फूच्या वर्गाला नाव घातलं. "ईस्टरपर्यंत तर वेळ हाय ना?" एवढंच ती मुलाला म्हणाली.

पडवीतला तिचा वर्ग बरेच दिवस चालला. आतली पोरं तिला चिडवायची. टिफनी दारातून डोकावून म्हणायची, "आंटी, आत या ना, पंखा आहे!" सालोमी म्हणायची, "पंखा तुम्हाला ठेवा, नाजूक मानसं तुम्ही." सुजय तिला आत घेत नव्हता, पण तिच्याकडे पाहत नव्हता असंही नाही. शिकवताना तो हळूहळू दारापाशी येऊन उभा राहायला लागला. त्यामुळे त्याचा आवाज पडवीत नीट यायचा. टीचरांच्या हे लक्षात आलं.

एका शुक्रवारी सुजयनं दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "आज महत्त्वाची गोष्ट. कुणी पर्स ओढली, मोबाइल ओढला, चेन ओढली, तर सोडून द्यायची. ओढाओढ करायची नाही. वस्तू परत मिळते, जीव परत मिळत नाही."

सालोमी ताडकन सरळ झाली. "हे काय शिकवनं झालं? सोडून द्यायला शिकवायला सर कशाला पायजे? ते तर घरात सगळेच शिकवतात!"

"काकी, तुम्ही त्या दिवशी सोडली असती तर मान कापली नसती."

"सोडली असती तर मी घरी बसले असते. कायमची."

सुजय पडवीत आला आणि बाकावर टीचरांच्या शेजारी बसला. थकला होता, दिवसभर लेथवर उभा होता. म्हणाला, "माझ्या सिफूंनी मलाही हेच सांगितलं होतं, तेव्हा मीही भांडलो होतो. मला साखळीचं नाही सांगायचं, काकी. तुमचा हात तिला चिकटलेला असतो. मी मघापासून बघतोय, उठताना, वळताना, बैठकीत, एक हात गळ्याशी. म्हणजे लढायला तुमच्याकडे एकच हात उरला. तो चोर तुमचा एक हात घेऊन गेलाय. साखळी नाही."

सालोमीनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात खरंच साखळीवर होता.

आतली पोरं दाराशी गोळा होऊन पाहत होती. मग सालोमीनं दोन्ही हात मानेमागे नेले. आकडा घट्ट होता, लवकर निघेना. टीचर मदतीला उठल्या तशी ती म्हणाली, "नको. मीच काढनार." साखळी निघाली. ती सुजयसमोर धरून तिनं ठणकावून सांगितलं, "तुम्ही सांगितलं म्हनून नाय काढली. मला दोन हात पायजेत म्हनून काढली. पुढं कधी काढायची झाली, तर मीच काढीन. दुसऱ्या कोनाचा हात लागायचा नाय."

"बरोबर," सुजय म्हणाला.

तिनं साखळी टीचरांच्या ओंजळीत ठेवली. "सांभाळा. खिळ्याला नको, टेबलावर नको. मुठीत धरा."

आणि ती हॉलमध्ये गेली. टिफनीनं तिला आपल्या शेजारची जागा दिली. सुजयनं तिला अभिवादन करायला शिकवलं, उजवी मूठ, तिच्यावर डावा तळवा, आणि किंचित नमन. टीचर बाहेर बसून राहिल्या. साखळी त्यांच्या हातात अजून कोमट होती. वर्ग सुटेपर्यंत त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही, कारण मूठ उघडावी लागली असती.

त्यानंतर सालोमी भराभर शिकली असं म्हणता येणार नाही. डावं-उजवं चुकायची. लाथ गुडघ्याच्या वर जायची नाही. पडायला मात्र ती चांगली शिकली. मान आत, हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल. मनगट धरलं तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात कसा झटकायचा, हेही तिला पक्कं जमलं, इतकं की घरी सँड्रानं कौतुकानं हात धरला की तो झटकला जायचा.

आणि मग पावांची गोष्ट घडली.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. गावात रोज सकाळी ॲल्रॉय पाव घेऊन यायचा. वर्षानुवर्षं तो सायकलवर यायचा आणि लांबूनच भोंगा वाजवायचा. सालोमी वाटेत भेटली की तिच्या घरचे पाव तिथंच तिच्या टोपलीत टाकायचा, थांबायचाही नाही. त्या आठवड्यात ॲल्रॉयनं बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. तिला आवाज नाही. भोंगा अजून बसवलेला नव्हता. शिवाय डोक्यावर नवंकोरं हेल्मेट. तर असा ॲल्रॉय मागून निःशब्द आला, सालोमीजवळ वेग कमी केला आणि नेहमीसारखा हात लांब करून टोपलीकडे नेला.

सालोमीला दिसला तो खांद्याशी आलेला हात. पुढचं सगळं तिच्या अंगानंच केलं. हात झटकला गेला, पाय घट्ट रोवला गेला, कोपर मागं गेलं, आणि ॲल्रॉय स्कूटरसकट बावखलाच्या उथळ कडेला जाऊन बसला. पावांची मोठी पिशवी फुटली. पांढरे पाव पाण्यावर पसरले, आणि पलीकडच्या वाडीतली बदकं कुणी बोलावल्यासारखी आली.

"सालूकाकी!" कमरेएवढ्या पाण्यात बसल्या बसल्या ॲल्रॉय ओरडला. "अगं मी! पाव!"

त्या दिवशी अख्ख्या गावात चहाबरोबर पाव नव्हता. टीचरांच्या घरीही नव्हता. आणि दुपारपर्यंत गावात दुसरा विषयही नव्हता. "आज कुणाच्या घरचे पाव बुडवलेस गं?" असं बायका तिला विहिरीवर विचारू लागल्या. एक म्हातारा तिला पाहिलं की दोन्ही हात वर करून म्हणे, "मी पाववाला नाही हो, मला सोड!" सालोमी तोंडास तोंड देत होती, पण त्या शुक्रवारी ती वर्गाला आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. ॲल्रॉयचा अंगठा मुरगळला होता. ती त्याच्या घरी जाऊन आली होती. तो हसला, पण त्याची बायको हसली नाही.

"जेन्सन म्हनला, आता बास," तिनं टीचरांना सांगितलं. "म्हनला, आय, आज पाववाला होता, उद्या एखाद्या पोराला ढकलशील. ईस्टर झाला की सोमवारी मक्तेदार येनार, वाडी बघायला. मला काय बोलायलाच जागा नाय उरली, टीचर."

तिनं साखळी काढून टीचरांच्या हातात दिली, पण आत गेली नाही. सुजयच बाहेर आला.

"काकी, हात बरोबर चालला," तो म्हणाला. "पाय पण बरोबर रोवलात. डोळे चालले नाहीत. मागं कोण आहे हे बघायच्या आधीच तुम्ही त्याला चोर ठरवलंत."

सालोमीनं त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत तिनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते ती तेव्हा म्हणाली. "त्या दिवसापासून मागून येनारा दर मानूस मला चोरच वाटतो, सर. कुत्रं आलं तरी. मी जाते रोज, पन जीव मुठीत घेऊन जाते."

टीचरांनी मुठीतली साखळी घट्ट धरली. मग जरा खाकरून म्हणाल्या, "मागून चालायला माणूस पाहिजे असेल तर मी आहे."

असे ते दिवस सुरू झाले. संध्याकाळी उजेड असताना सालोमी बावखलाच्या वाटेनं पुढं चालायची आणि टीचर मागून. कधी छत्री टेकत, कधी चपला हातात घेऊन चोरपावलांनी, कधी मुद्दाम भरभर. सुजयचं सांगणं एकच होतं. पाऊल ऐकू आलं की थांबायचं, कडेला व्हायचं, पूर्ण वळायचं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहून मोठ्यानं काहीतरी विचारायचं. हात नंतर, आधी डोळे, मग आवाज.

"कोन हाय?" सालोमी वळून विचारायची.

"चोर," टीचर म्हणायच्या.

"चोराच्या हातात छत्री?"

"म्हातारा चोर आहे."

कुंपणापलीकडून बायका पाहत आणि हसत. पहिल्यांदा सालोमी सर्रकन वळायची, हात वर. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. मग एक दिवस टीचर अगदी अनवाणी, गवतावरून आल्या, तरी ती सावकाश वळली आणि म्हणाली, "टीचर, तुमच्या डाव्या गुडघ्याचा आवाज येतो. डॉक्टरला दाखवा." त्या दिवशी दोघी वाटेवरच खूप हसल्या.

ईस्टर झाला. सोमवारी सकाळी जेन्सननं सुट्टी घेतली आणि मक्तेदाराला घेऊन तो आधीच वाडीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. सालोमी नेहमीच्या वेळेला निघाली. टीचरही निघाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण घरात त्यांना बसवेना. पूर्वेकडे नुकतं फटफटलं होतं. सालोमी बरीच पुढे होती, टोपली कमरेवर, साखळी पदरावर.

टीचरांच्या शेजारून एक मोटारसायकल गेली. वर दोघंजण, तोंडाला रुमाल. पुढे जाऊन तिचा वेग कमी झाला, आणि बावखलाजवळ आणखी कमी झाला. टीचर भरभर पावलं उचलायला लागल्या.

सालोमी थांबली. कुंपणाच्या बाजूला सरकली. टोपली खाली ठेवली, घाई न करता, आणि पूर्ण वळली. पाय जरा फाकलेले, गुडघे सैल, दोन्ही हात मोकळे. गळ्याशी एकही हात नव्हता.

"कोन रे?" तिचा आवाज दोन वाड्या ओलांडून गेला. "कोनाकडं जायचंय? रुमाल काढ की तोंडावरचा, बघू दे मला!"

गाडी थांबली. पुढच्यानं मागच्याकडे पाहिलं. सालोमी हलली नाही, नुसती त्यांच्या तोंडांकडे पाहत राहिली. कुंपणापलीकडच्या घराचं दार वाजलं. गाडीवाल्यानं तिथल्या तिथं गाडी वळवली, आणि ते आले तसे टीचरांच्या शेजारून भरधाव निघून गेले. ते चोर होते की वाट चुकलेले कामगार, हे कुणालाच कधी कळलं नाही.

जेन्सन फाटकाकडून धावत आला. त्यानं लांबून सगळं पाहिलं होतं. "आय! काय झालं? लागलं का?"

"काय नाय. कोनतरी होते. गेले." तिनं टोपली उचलली.

"हे बघ, आय, हेच मी सांगतोय! आज गेले. उद्या?"

"उद्या पन वळून बघीन."

"आणि ढकललं तर? पडलीस तर?"

"पडायचं कसं तेच मला पहिलं शिकवलंय. तुला येतं का?"

तोवर मक्तेदार मागून रमत आला होता. सुखवस्तू, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. म्हणाला, "मावशी, या वयात कशाला ही दगदग? आम्ही आहोत ना."

"भाऊ, तुम्ही लांबून आलात, घरी चला, चहा घ्या. ईस्टरचा केक हाय. पन चाफा मी खुडते. आनि वय म्हनाल तर, फूल आकडीच्या काठीनं खुडतात, वयानं नाय."

"पण जेन्सननं तर..."

"जेन्सन चांगला मुलगा हाय. घाबरतो, एवढंच." ती मुलाकडे वळली. आवाज खाली आला, पण मऊ नाही झाला. "तू त्या दिवशी मला रक्तात बघितलंस, माहीत हाय मला. तुझी झोप गेली, तेही माहीत हाय. पन तुझ्या भीतीनं मी घरात बसायचं, हे नाय व्हायचं. मी माझ्या भीतीनं बसले नाय, तर तुझ्या भीतीनं कशी बसू?"

जेन्सननं मान खाली घातली. मग शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाला, "निदान ती चेन तरी घरी ठेव, आय. माझ्यासाठी."

"काढते की. मंगळवारी नि शुक्रवारी. टीचरांना इचार."

तोवर धापा टाकत टीचर तिथं पोचल्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली. बोलायला त्यांच्यात श्वासच नव्हता.

मक्तेदारानं केक खाल्ला, चहा घेतला आणि तो गेला. जेन्सन पुढचे काही दिवस आईशी कामापुरतंच बोलला. सालोमीनंही त्याची मनधरणी केली नाही. मग एका रविवारी, चर्चमधली मिसा झाल्यावर, तो शिडी घेऊन बावखलाच्या वळणावर गेला आणि तिथल्या नारळाला त्यानं मोठा गोल आरसा बसवला, घाटातल्या वळणांवर असतो तसा. मागून येणारं त्यात लांबूनच दिसतं. सालोमीनं पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे आता मान वळवायची पन नको होय?" पण रोज तिथं पोचली की ती आरशात पाहते, आधी मागची वाट आणि मग साखळी सरळ आहे की नाही.

ॲल्रॉयच्या स्कूटरला आता भोंगा आहे. तरी तो सालोमीजवळ आला की लांबूनच ओरडतो, "काकी, पाव हं, पाव!"

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साखळी वर्ग सुटेपर्यंत जयवंती टीचरांच्या मुठीत असते. वर्गातल्या पहिल्या पट्ट्याच्या परीक्षेत सालोमी नापास झाली. लाथ अजून गुडघ्याच्या वर जात नाही. पुढच्या महिन्यात ती परत बसणार आहे.